हळदीची कॅप्सूल आणि यकृत: इटलीतील 2019 च्या प्रकरणाचा सुरक्षा मूल्यांकनाच्या अंगाने अभ्यास

2019 सालच्या पहिल्या सहा महिन्यांत इटलीतील वनस्पतिजन्य उत्पादनांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे तीव्र यकृतदाहाच्या 28 नोंदी आल्या. रुग्ण निरनिराळ्या भागांतले होते, त्यांनी घेतलेली उत्पादने निरनिराळ्या कंपन्यांची होती, आणि बहुतेकांच्या आजाराचे रूप पित्ताचा प्रवाह अडखळल्यावर दिसते तसे होते: डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. या सर्वांना जोडणारी गोष्ट एकच होती. ते हळदीपासून बनवलेले अन्नपूरक घेत होते. ज्या वनस्पतीला आपण रोजच्या फोडणीत, जखमेवर आणि लग्नाच्या मांडवात जागा दिली आहे, तिचे नाव यकृताच्या आजाराशी जोडले जाताच आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणते की हे अशक्य आहे. दुसरी म्हणते की आता हळदच सोडावी. दोन्ही प्रतिक्रिया मूल्यांकनाचे काम टाळतात. वनस्पतिजन्य घटक सुरक्षित आहे की नाही हे ठरवताना कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावे लागतात, हे दाखवायला हे प्रकरण उत्तम आहे, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

नोंद हाती आल्यावर

यकृताची इजा झाली आणि रुग्ण अमुक कॅप्सूल घेत होता, एवढ्याने कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. हळदीने किंवा कोणत्याही वनस्पतीने झालेल्या यकृताच्या इजेची स्वतःची अशी कोणतीही रक्ततपासणी नाही. त्यामुळे निदान वगळत वगळत करावे लागते: विषाणूजन्य कावीळ नाही ना, पित्तनलिकेत खडा अडकलेला नाही ना, मद्यपान किती, प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्याची लक्षणे आहेत का, दुसरे कोणते औषध चालू होते का, आणि कॅप्सूल सुरू करणे, आजार दिसणे व कॅप्सूल थांबवल्यावर सुधारणा होणे यांचा कालक्रम जुळतो का. आपल्याकडे या यादीत हेपॅटायटिस ई ला विशेष जागा द्यावी लागेल, कारण दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ भारतात सर्रास आढळते आणि तिची तपासणी न करताच दोष एखाद्या काढ्यावर किंवा कॅप्सूलवर टाकला तर तो निष्कर्ष टिकणार नाही. उलट, तपासणी करूनही ती निगेटिव्ह आली आणि रुग्णाने घेतलेल्या पूरकाविषयी कोणी विचारलेच नाही, तर खरे कारण कागदावर कधीच येत नाही. डॉक्टरांनी ‘कोणती औषधे घेता?’ असे विचारल्यावर बहुतेक माणसे हळदीच्या कॅप्सूलचा उल्लेख करत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसते. प्रश्न स्वतंत्रपणे विचारल्याशिवाय ही माहिती मिळत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

इटलीतील नोंदींचे परीक्षण तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी केले. बहुतेक नोंदींत हळदीच्या उत्पादनाशी असलेला संबंध किमान ‘शक्य’ या श्रेणीत बसला. एकाच देशात, थोड्या काळात, परस्परांशी संबंध नसलेल्या रुग्णांत एकाच प्रकारचा आजार दिसणे हा दखल घेण्याजोगा संकेत होता. तरी येथे एक सावधगिरी हवी. पहिल्या काही नोंदींना प्रसिद्धी मिळाली की डॉक्टर आणि रुग्ण दोघेही जागरूक होतात आणि एरवी न पोहोचणाऱ्या नोंदी धडाधड पोहोचू लागतात. म्हणून 28 या आकड्यावरून धोक्याचे प्रमाण काढता येत नाही. किती लोक ती उत्पादने घेत होते हे ठाऊक असल्याशिवाय तो आकडा फक्त एवढेच सांगतो की येथे काहीतरी आहे आणि ते तपासले पाहिजे.

हळद की हळदीच्या नावाखाली दुसरे काही

मूल्यांकनाचा पहिला तांत्रिक प्रश्न घटकाच्या ओळखीविषयीचा असतो: तो नेमका काय आहे? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2009 साली अन्नपूरकांतील वनस्पतिजन्य घटकांच्या मूल्यांकनासाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिची सुरुवातही येथूनच होते: वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, उगमस्थान, प्रक्रिया, काढलेल्या अर्कासाठी वापरलेले द्रावक, किती कच्च्या मालापासून किती अर्क निघाला याचे गुणोत्तर, रासायनिक घटक आणि दूषितके. ही यादी वाचताना कारकुनी वाटते, पण वनस्पतिजन्य उत्पादनांत झालेल्या अनेक अपघातांचे मूळ याच ठिकाणी सापडते.

हळदीच्या बाबतीत तर शंका घ्यायला भरपूर जागा आहे. रंग उजळ दिसावा म्हणून हळदीत मेटॅनिल यलो हा अखाद्य रंग किंवा शिसे आणि क्रोमियम असलेले लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात नोंदले गेले आहेत. बांगलादेशात गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग काढताना तो हळदीपर्यंत पोहोचला; 2019 मध्ये तेथील बाजारातील 47 टक्के नमुन्यांत शिसे आढळत होते, आणि शासनाने घाऊक बाजारांवर कारवाई, दंड व जनजागृती केल्यावर 2021 पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. हळकुंडे नीट वाळली नाहीत तर बुरशी आणि तिच्याबरोबर अफ्लाटॉक्सिन हे तिने तयार केलेले विष येते, जे यकृतालाच घातक असते. अर्कात द्रावकाचे अंश राहू शकतात. कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य; महाग नैसर्गिक कर्क्युमिनच्या जागी पेट्रोलियम रसायनांपासून बनवलेले कृत्रिम कर्क्युमिन घातले जाऊ शकते. ते ओळखायला किरणोत्सारी कार्बन-14 ची तपासणी उपयोगी पडते, कारण सजीव वनस्पतीत तो असतो आणि लक्षावधी वर्षे जुन्या खनिज तेलात उरलेला नसतो. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या उत्पादनात न सांगता वेदनाशामक औषध घालण्याची शक्यताही गृहीत धरून तपासणी करावी लागते, कारण काही वेदनाशामके स्वतःच यकृताला इजा करतात.

इटलीच्या यंत्रणेने रुग्णांनी घेतलेली उत्पादने मिळवून त्यांचे विश्लेषण करून घेतले. यकृताच्या इजेचे कारण ठरेल असे दूषितक किंवा मुद्दाम मिसळलेले द्रव्य त्यांत सापडले नाही. जुलै 2019 मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलेला निष्कर्ष असा होता की कारण बहुधा व्यक्तीची विशिष्ट संवेदनशीलता, यकृत व पित्तमार्गात आधीपासून असलेला, कदाचित लक्षातही न आलेला बिघाड, किंवा सोबत चालू असलेली औषधे यांत आहे. भेसळ सापडली असती तर प्रकरण सोपे झाले असते. दोषी माल परत मागवता आला असता आणि वनस्पती निर्दोष सुटली असती. तसे झाले नाही, म्हणून खुद्द हळदीच्या उत्पादनाकडे पाहणे भाग पडले.

परंपरेचा दाखला कुठवर चालतो

2009 च्या मार्गदर्शिकेत दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर उपलब्ध माहितीचा विचार होतो. एखादी वनस्पती दीर्घकाळ अन्न म्हणून वापरात असेल, तिच्यापासून ज्ञात अपाय नसेल आणि नव्या वापरातून होणारे सेवन त्या जुन्या वापरातील सेवनाच्या पातळीवरच राहणार असेल, तर सुरक्षिततेचे गृहीतक मान्य करता येते आणि प्राण्यांवर नवे प्रयोग मागण्याची गरज राहत नाही. यातली एखादी अट मोडली तर दुसरी पायरी येते आणि विषशास्त्रीय पुरावा मागितला जातो. या रचनेत परंपरेला मान आहे, पण तो अटीसह आहे. आणि सगळे प्रकरण त्या अटीवर येऊन थांबते.

हळदीची परंपरा कशाची आहे? सांगलीच्या पेठेत राजापुरी आणि सेलम जातींची जी हळद विकली जाते, वसमत-हिंगोलीकडे जी पिकते, ती जमिनीखालचे कंद काढून, शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून आणि दळून आपल्या डब्यात येते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला त्याआधी 2016 मध्ये. अशा पुडीत पिष्टमय पदार्थ, तंतू, उडनशील तेल आणि साधारण 3 टक्क्यांच्या आसपास कर्क्युमिन असते. जातीप्रमाणे आणि मातीप्रमाणे ते कमीजास्त होते. भारतीय आहारात दिवसाकाठी 2 ते 2.5 ग्रॅम हळद जाते असा अंदाज संशोधनात नेहमी दिला जातो. म्हणजे 60 ते 100 मिलिग्रॅम कर्क्युमिन, तेही दिवसभरात विभागून, तेलात परतलेले, भाजी-आमटी-भातासोबत. पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्धोक अनुभव आहे तो याचा.

कॅप्सूलमध्ये असते ते वेगळे. एथिल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकाने हळदीतून कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये वेगळी काढून त्यांचे प्रमाण 95 टक्क्यांपर्यंत नेलेले असते. पिष्ट गेले, तंतू गेले, तेल बहुतांशी गेले. 500 मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये सुमारे 475 मिलिग्रॅम कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये होतात. तेवढी मिळवायला 3 टक्क्यांच्या हिशोबाने जवळजवळ 16 ग्रॅम हळद खावी लागेल. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे 32 ग्रॅम. एका माणसाने रोज 32 ग्रॅम हळद महिनोन्‌महिने खाल्ल्याची परंपरा महाराष्ट्रात नाही आणि माझ्या माहितीत इतरत्रही नाही. त्यामुळे ‘हजारो वर्षांचा वापर’ हे विधान हळदीच्या पुडीविषयी खरे असले तरी या कॅप्सूलच्या बाजूने साक्ष म्हणून उभे करता येत नाही. ही गोष्ट परंपरेच्या विरोधात नाही. उलट ज्यांनी हळद चिमटीच्या मापाने वापरली त्यांच्या व्यवहाराचा अनादर होतो तो त्यांचे नाव घेऊन पंधरापट अर्क विकण्याने.

मात्रेचे गणित

कर्क्युमिन हा युरोपात ई 100 या क्रमांकाने मान्य असलेला खाद्यरंगही आहे, त्यामुळे त्याची विषशास्त्रीय तपासणी आधीच झालेली होती. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे 3 मिलिग्रॅमपर्यंतचे दैनिक सेवन स्वीकार्य ठरवले होते आणि 2010 मध्ये युरोपीय प्राधिकरणाने तीच मर्यादा कायम ठेवली. तिचा आधार उंदरांच्या अनेक पिढ्यांवरील प्रयोग होता. प्रतिकिलो 250 ते 320 मिलिग्रॅम मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही. त्याहून वरच्या मात्रेत दुसऱ्या पिढीतील पिल्लांची वजनवाढ कमी झाली. त्या मात्रेला 100 ने भागून माणसासाठीची मर्यादा काढली: प्राणी आणि माणूस यांतील फरकासाठी 10 आणि माणसामाणसांतील फरकासाठी 10.

साठ किलो वजनाच्या माणसासाठी ही मर्यादा 180 मिलिग्रॅम होते. घरगुती वापर तिच्या आत राहतो. वर सांगितलेल्या दोन कॅप्सूल ती पाचपट ओलांडतात. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे अ‍ॅन्सेसने, 2022 मध्ये याच मर्यादेतून आहारातून येणारा भाग वजा केला आणि साठ किलोच्या प्रौढासाठी पूरकातून येणारे कर्क्युमिन दिवसाला 153 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे सुचवले. त्या संस्थेकडे तोवर हळदीच्या पूरकांशी संबंध असू शकणाऱ्या दुष्परिणामांच्या शंभराहून अधिक नोंदी जमल्या होत्या, आणि त्यांपैकी 15 यकृतदाहाच्या होत्या.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वीकार्य सेवनाची मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असे नाही. ती आयुष्यभर रोज घेतले तरी चिंता नको अशी पातळी असते. औषधी चाचण्यांत याहून कितीतरी जास्त मात्रा दिल्या गेल्या आहेत. तैवानमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 25 रुग्णांना दिवसाला 8 ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन तीन महिने दिले गेले आणि विषारी परिणाम आढळला नाही. कंपन्या आपल्या बाजूने असे अभ्यास पुढे करतात आणि ते खोटे नाहीत. मग इटलीत 28 माणसे आजारी का पडली?

आत किती पोहोचते

उत्तराचा एक भाग शोषणात आहे. साधे कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याच्यावर आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुक्युरोनाइड हा साखरेसारखा गट जोडून ते निकामी करतात. तैवानच्या रुग्णांनी ग्रॅमच्या हिशोबाने गिळलेल्या मात्रेतले रक्तात पोहोचले ते अगदी थोडे. कर्क्युमिनची ही मोठी अडचण मानली गेली आणि ती दूर करण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील, 1998 चा: 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतील पिपेरिन हे द्रव्य 20 मिलिग्रॅम दिल्यावर माणसांत कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. तेव्हापासून पिपेरिन घातलेल्या कॅप्सूलची रांग लागली. पुढे लेसिथिनशी जोडलेले, सूक्ष्मकणांत आणलेले, पाण्यात विरघळेल असे केलेले प्रकारही आले. पाकिटावर ‘वीसपट शोषण’ हे वाक्य गुण म्हणून छापले जाते.

सुरक्षिततेच्या मूल्यांकनात हे वाक्य गुण म्हणून वाचता येत नाही. शंभरने भागून काढलेली मर्यादा साध्या, फारसे न शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनसाठी आहे. शोषण वाढवलेल्या प्रकारात त्याच मर्यादेखालील मात्राही रक्तात कितीतरी अधिक द्रव्य पोहोचवू शकते, आणि यकृताला तेवढ्याशी सामना करावा लागतो. अ‍ॅन्सेसने हा मुद्दा स्पष्टपणे नोंदवला: अशा प्रत्येक रचनेसाठी तिची स्वतःची माहिती हवी. शिवाय पिपेरिन ज्या रीतीने काम करते तीच काळजी करण्याजोगी आहे. ते शरीराची परकी द्रव्ये निकामी करण्याची व्यवस्था मंद करते. ही व्यवस्था फक्त कर्क्युमिनसाठी नसते. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी पिपेरिनने वाढल्याचे अभ्यास आहेत. फेनिटॉइन घेणाऱ्या मिरगीच्या रुग्णाला हे किती महागात पडू शकते हे कोणताही डॉक्टर सांगेल. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने म्हणूनच पूरकांतील वेगळ्या काढलेल्या पिपेरिनसाठी दिवसाला 2 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, तर बाजारात 5 मिलिग्रॅम घातलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात. भाजीतल्या मिरपुडीला हे लागू करण्याचे कारण नाही. प्रश्न शुद्ध केलेल्या, रोज ठरावीक वेळी, रिकाम्या पोटी घेतल्या जाणाऱ्या पिपेरिनचा आहे.

पित्ताशयाचाही विचार हवा. अवघ्या 20 मिलिग्रॅम कर्क्युमिननेही पित्ताशय आकुंचन पावते असे प्रयोगांत दिसले आहे. निरोगी माणसाला याचा त्रास नाही, पण पित्ताशयात खडे असतील तर आकुंचनाने खडा सरकून नलिकेत अडकू शकतो. खडे असलेल्या अनेकांना ते असल्याचे माहीतच नसते.

गणितापलीकडचा धोका

मात्रा आणि शोषण एवढ्याने प्रकरण संपले असते तर उपाय सोपा होता. पण पुढे आलेला पुरावा वेगळे सांगतो. यकृताच्या औषधजन्य इजांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील रुग्णालयांच्या जाळ्याने 2004 ते 2022 या काळातील आपल्या नोंदींत हळदीशी संबंधित 10 रुग्ण शोधले. सर्व 2011 नंतरचे, आणि सहा 2017 नंतरचे. आठ स्त्रिया होत्या. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. सात उत्पादने तपासली गेली. सातांतही हळद होती, पण पिपेरिन फक्त तीनांत. म्हणजे पिपेरिन धोका वाढवत असेल, तरी सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. आणि दहापैकी सात रुग्णांत एचएलए-बी*35:01 हे प्रतिकारशक्तीशी संबंधित एका जनुकाचे रूप सापडले, जे सर्वसाधारण लोकांत याच्या मानाने बरेच कमी आढळते. हिरव्या चहाच्या अर्काने आणि चिनी परंपरेतील पॉलिगोनम मल्टिफ्लोरम या वनस्पतीने झालेल्या यकृताच्या इजांतही हेच रूप पुन्हा पुन्हा आढळले आहे.

या निष्कर्षाचे वजन मोठे आहे. तो सांगतो की येथे काम करत आहे ती बहुधा प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया, आणि अशी प्रतिक्रिया मात्रेच्या सरळ रेषेत वाढत नाही. उंदरांना हे जनुक नसते. त्यामुळे शंभर काय, हजाराने भागले तरी या धोक्याचा पत्ता प्राण्यांवरील प्रयोगातून लागणार नाही. छोट्या चाचण्यांतूनही लागणार नाही. दहा हजारांत एकाला होणारी इजा किमान एकदा तरी दिसेल अशी 95 टक्के खात्री हवी असेल तर 30,000 माणसांवर चाचणी करावी लागेल. 25 रुग्णांच्या चाचणीत काही दिसले नाही याचा या प्रश्नाशी जवळजवळ संबंधच नाही. सर्वांची जनुकीय तपासणी करून कॅप्सूल द्यावी हाही व्यवहार्य मार्ग नाही, कारण ते रूप असलेल्या बहुसंख्य लोकांना हळदीने काहीही होत नाही.

न जुळणाऱ्या गोष्टीही लपवू नयेत. इटलीत आजाराचे रूप प्रामुख्याने पित्तप्रवाह अडखळल्याचे होते, तर अमेरिकेतील दहापैकी नऊ रुग्णांत यकृतपेशींना थेट इजा झालेली होती. एकाच द्रव्याने दोन प्रकारची इजा होणे अशक्य नाही, पण काटेकोर परीक्षकाने हा फरक अहवालात मांडलाच पाहिजे. सगळे एकाच खणात बसवण्याच्या घाईत माहिती हरवते. दुसऱ्या बाजूला, कॅप्सूल थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे झाले, आणि पुन्हा सुरू केल्यावर यकृत पुन्हा बिघडल्याच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. कार्यकारणसंबंधासाठी याहून बलवान पुरावा एका रुग्णापुरता तरी मिळणे कठीण.

निर्णय कसा लावावा

इटलीने बंदी घातली नाही. 2019 मध्ये हळदीच्या सर्व पूरकांवर इशारा बंधनकारक केला: यकृत किंवा पित्तमार्गात बिघाड किंवा पित्तखडे असतील तर वापर टाळावा, आणि औषधे चालू असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुढे नव्या नोंदी आल्यावर 2022 मध्ये इशारा अधिक कडक झाला आणि हळदीच्या पूरकांवर यकृताच्या कार्यास मदत होते असा दावा छापण्यास मनाई करण्यात आली. ही दुसरी कृती मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ‘यकृतासाठी चांगले’ असे वाचून जो माणूस ही कॅप्सूल घेतो त्याला बहुधा आधीच यकृताची काळजी असते, म्हणजे दावा नेमका त्याच माणसाला ओढून आणत होता ज्याने ती टाळायला हवी होती. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाकडे जून 2023 अखेर अशा 18 नोंदी होत्या. नऊंत संबंधाचा विचार करण्याइतकी माहिती होती, दोन गंभीर होत्या आणि त्यांतील एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. त्या संस्थेनेही बंदीऐवजी सार्वजनिक इशाऱ्याचा मार्ग घेतला.

हा मार्ग योग्य होता असे माझे मत आहे, पण अपुरा होता. इशारा संवेदनशीलतेच्या धोक्याला लागू पडतो; मात्रेचा आणि शोषणाचा धोका इशाऱ्याने सुटत नाही, त्याला कमाल मर्यादाच हवी. आणि शोषण वाढवलेल्या रचनांना जुन्या हळदीच्या नावाने प्रवेश देणे थांबले पाहिजे. युरोपातच याचे उदाहरण आहे: कर्क्युमिनवर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेली टेट्राहायड्रोकर्क्युमिनॉइड द्रव्ये बाजारात आणायची तेव्हा त्यांना ‘नवे अन्न’, म्हणजे विक्रीपूर्वी स्वतंत्र मंजुरी लागणारे अन्न, मानले गेले, पूर्ण प्रस्ताव मागितला गेला, आणि 2021 मध्ये दिवसाला 140 मिलिग्रॅमपर्यंतच ती सुरक्षित ठरवली गेली. रेणूत बदल झाला म्हणून नवी तपासणी, पण शरीरात वीसपट द्रव्य पोहोचवणारी रचना मात्र जुनीच हळद, ही विसंगती टिकण्यासारखी नाही.

भारतात या प्रकारची उत्पादने अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या आरोग्यपूरक आणि न्यूट्रास्युटिकल विषयक नियमांखाली येतात. त्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीत वनस्पती, त्यांचा वापरायचा भाग आणि प्रौढांसाठीचे दैनिक प्रमाण दिलेले आहे. पण ते प्रमाण कच्च्या वनस्पतीच्या हिशोबाने आहे. अर्क वापरायचा असेल तर कच्च्या मालाशी त्याची तुल्यता उत्पादकाने मांडायची असते. वर दाखवलेले 16 ग्रॅमचे गणित येथेच करायला हवे, आणि परवाना देणाऱ्या तसेच नमुने घेणाऱ्या अधिकाऱ्याने ते मागायला हवे. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य पाकिटावर छापलेले असते, तरी दुकानात ती कॅप्सूल गुडघेदुखीसाठीच दिली जाते.

दुष्परिणामांच्या नोंदींची अडचणही येथूनच निघते. औषधांसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालवली जाणारी औषधदक्षता यंत्रणा आहे, आयुष औषधांसाठी स्वतंत्र केंद्रे आहेत; अन्नाच्या परवान्यावर विकल्या गेलेल्या कॅप्सूलने कावीळ झाली तर नोंद कोठे करायची, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही चटकन सांगता येत नाही. माझे सांगणे असे की जवळच्या औषधदक्षता केंद्राकडे आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, दोन्हीकडे ती कळवावी. नोंदीत उत्पादनाचे पूर्ण नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, अर्काचे प्रमाण, पिपेरिन आहे की नाही, रोजची मात्रा, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, सोबतची सर्व औषधे, आजारापूर्वीच्या यकृताच्या तपासण्या असल्यास त्या, हेपॅटायटिस ए, बी, सी व ई चे अहवाल आणि सोनोग्राफी हे सर्व असावे. उरलेल्या कॅप्सूलसह बाटली फेकून देऊ नये, असे रुग्णाच्या नातेवाइकांना पहिल्याच भेटीत सांगावे. प्रयोगशाळेला तपासायला काही हाती लागले नाही तर भेसळीचा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.